वाण्याची वही आणि यंत्राची बुद्धि

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवली येथें ज्या कुटुंबाचें बिऱ्हाड दोन-तीन पिढ्या टिकून आहे, त्या कुटुंबास वाण्याचें दुकान हें घरच्या कोठीच्या खोलीसारखेंच वाटत असतें. महिन्याची यादी कोणत्या तारखेस येणार, आजोबांस कोणता तांदूळ मानवतो, पितृपंधरवड्यांत त्या घरीं कोणत्या तिथीस पान मांडलें जातें, थोरल्या सुनेच्या डोहाळजेवणास किती खोबरें लागलें होतें, हें सर्व त्या दुकानदारास मुखोद्गत असतें. त्याच्या लाल बांधणीच्या वहींत उधारीचे आंकडे असतात. परंतु उधारी कोणास द्यावी आणि कोणास नम्रपणें नाहीं म्हणावें, हें ज्ञान वहींत लिहिलेलें नसतें. तें त्याच्या डोक्यांत असतें, आणि तो थकून दुकान मुलाच्या स्वाधीन करतो तेव्हां त्यांतील अर्धेंअधिक ज्ञान त्याच्याबरोबरच गादीवरून उठतें.

लहान दुकानदाराचें खरें भांडवल तें हेंच. आजवर तें त्याच्या एकट्याचें होतें. आतां तसें राहिलें नाहीं. ज्यास कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्या यंत्रविद्येनें हेंच ज्ञान लक्षावधि ग्राहकांविषयीं एकदम गोळा करण्याची, आणि त्यावरून ज्याला जें हवें त्याची जाहिरात नेमकी त्याच्याच डोळ्यांपुढें आणण्याची युक्ति मोठ्या भांडवलवाल्यांच्या हातीं दिली आहे. तीच युक्ति आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदारास साधेल काय, आणि साधावयाची तर कोणत्या अटींवर, याचा विचार वाचकांपुढें या महिन्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्पर्धेचा इतिहास थोडक्यांत पाहूं. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून त्यांची मागणी आगाऊ नोंदवून घेण्याची आणि एकत्र खरेदी केलेला माल वांटून देण्याची पद्धति घातली. आमच्या वाचक भगिनींपैकीं पुष्कळजणींनीं ते तक्ते स्वहस्तें भरले असतील. मागणी आधीं कळली तर माल स्वस्त पडतो व वायां जात नाहीं, हें अर्थशास्त्रांतील मोठें तत्त्व येथें कोणत्याही यंत्रावांचून सिद्ध झालें. पुढें २००२ सालीं पवई येथें डी-मार्टचें पहिलें दुकान उघडलें आणि एका छपराखालीं ठोक भावाची खरेदी मध्यम वर्गाच्या अंगवळणीं पडली. एप्रिल २०२० मध्यें फेसबुकनें जिओ प्लॅटफॉर्म्स या कंपनींत ४३,५७४ कोटि रुपये गुंतविण्याचें जाहीर केलें, आणि त्याच महिन्यांत मुलुंडच्या वेशीपलीकडे ठाण्यांत, तसेंच नवी मुंबई व कल्याण येथें, व्हॉट्सॲपवर मागणी नोंदवून जवळच्या वाण्याकडून माल घेण्याचा जिओमार्टचा प्रयोग सुरू झाला.

याहूनही बोधप्रद उदाहरण मुंबईंतीलच आहे. २०२० सालीं दोघां तरुणांनीं 'किरानाकार्ट' नांवाची सेवा काढली. ती शेजारच्या किराणा दुकानांतूनच माल उचलून घरपोंच देत असे. पुढच्याच वर्षीं त्याच तरुणांनीं 'झेप्टो' या नांवानें नवा व्यवसाय मांडला. त्यांत माल वाण्याकडून उचलावयाचा नसून जागोजाग थाटलेल्या स्वतंत्र कोठारांतून निघावयाचा होता. यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. व्यापारांत ज्यास जो मार्ग सांपडेल तो त्यानें धरावा. परंतु दुकानदारानें यांतून एवढें उमजून घ्यावें कीं, मागणीची नोंद ज्याच्या जवळ राहते त्यास दुकानावांचून व्यापार करतां येतो; आणि ज्याच्या जवळ नुसतें दुकान राहतें, त्याची गरज केव्हां संपेल हें दुसरा ठरवितो.

ही दृष्टि अगदींच नवी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं उजेडांत आणलें आणि १९०९ सालीं तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत पण्याध्यक्षाचें प्रकरण आहे. बाजारावर देखरेख करणाऱ्या या अधिकाऱ्यास कोणत्या मालाचा भाव कोठें किती हें ठाऊक असावें, आणि त्याबरोबरच कोणता माल लोकांस आवडतो व कोणता आवडत नाहीं हेंही ठाऊक असावें, असें तेथें सांगितलें आहे. त्यासाठीं आचार्यानें योजिलेला शब्द 'प्रियाप्रियता' हा आहे. हल्लीं ज्याला इंग्रजींत मोठमोठीं नांवें देऊन विकतात, तें ज्ञान या एका शब्दांत सामावलें आहे.

आतां ही प्रियाप्रियता यंत्र कसें ओळखतें तें पाहूं. त्यांत जादू नाहीं; त्रैराशिक येणाऱ्या मुलास समजेल असें तें गणित आहे. १९९३ सालीं राकेश अग्रवाल व त्यांचे सहकारी यांनीं दुकानांच्या पावत्यांवरून कोणत्या वस्तूबरोबर कोणती वस्तु खपते याचे नियम काढण्याची रीति प्रसिद्ध केली. समजा, एका दुकानाच्या १००० पावत्या आहेत. त्यांपैकीं २०० पावत्यांत शेंगदाणे आहेत, म्हणजे शेंकडा २०. साबुदाणा १०० पावत्यांत आहे. आणि त्या शंभरांपैकीं ८० पावत्यांत शेंगदाणेही आहेत. म्हणजे साबुदाणा घेणाऱ्यांत शेंगदाण्याचें प्रमाण शेंकडा ८०, एरव्हींच्या चौपट. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. कोणी म्हणेल, साबुदाण्याच्या खिचडींत दाण्याचें कूट पडतें हें सांगावयास यंत्र कशाला, आमच्या काकू सांगतील! तें खरेंच आहे. परंतु दुकानांत दोन हजार जिनसा असल्या म्हणजे त्यांच्या जोड्या वीस लक्षांच्या घरांत जातात, आणि तितक्या जोड्या कोणत्याही काकूंच्या ध्यानांत राहणें शक्य नाहीं. यंत्राचा उपयोग तेथें आहे.

परंतु यंत्राची एक मोठी उणीव येथेंच उघडी पडते. तें इंग्रजी तारखा जाणतें. आपलें घर तिथीवर चालतें. गणेशचतुर्थी २०२३ सालीं १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्यें ७ सप्टेंबरला, २०२५ मध्यें २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्यें ती १४ सप्टेंबरला येते. गतवर्षीं याच आठवड्यांत काय खपलें, एवढेंच पाहून यंत्रानें मोदकाच्या पिठाची मागणी सांगितली, तर पीठ एक तर आधीं येऊन पडून राहील, नाहीं तर गणपति घरीं येऊन बसले तरी दुकानांत नसेल. अधिक महिन्याची गोष्ट तर याहून बिकट. २०२३ सालीं १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण होता. २०२६ सालीं १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ येतो. जांवयास अनारशांचें वाण देण्याची चाल ज्या घरांत आहे, त्या घरांतून त्या महिन्यांत अनारशाच्या पिठाची मागणी होते आणि पुढें अडीच-तीन वर्षें त्या निमित्तानें होत नाहीं. यंत्रास हा केवळ एक अनाकलनीय उंचवटा दिसतो. २०१७ सालीं फेसबुकच्या संशोधकांनीं 'प्रॉफेट' नांवाची अंदाज बांधण्याची प्रणाली सर्वांस मोफत खुली केली. तींत सणवारांची यादी वापरणाऱ्यानें स्वतः पुरविण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. ही यादी कोण पुरवूं शकतो? ज्याच्या दुकानाच्या भिंतीवर पंचांग टांगलेलें असतें आणि कोणत्या गल्लींत गौरी बसतात, कोणत्या गल्लींत पर्युषण पाळतात, हें ज्यास ठाऊक असतें, तोच.

माझा एक जुना विद्यार्थी मुलुंडच्या पूर्व भागांत वडिलांचें किराणा दुकान चालवितो. शाळेंत गणितांत तो बेताचाच होता. परंतु अक्षर सुरेख आणि नोंद ठेवण्याची संवय उत्तम. संवादांत तो एकदां म्हणाला, "सर, रोज पेट्यांत पैसे किती आले तें मोबाईल सांगतो, पण ते कशाचे आले तें सांगत नाहीं." त्याचें म्हणणें मार्मिक आहे. एप्रिल २०१६ मध्यें यूपीआय सुरू झाल्यापासून चौकोनी चिन्हावर मोबाईल धरून पैसे देण्याची रीत रूढ झाली. त्या व्यवहारांत रक्कम नोंदली जाते. जिन्नस नोंदला जात नाहीं. यास्तव त्यानें एक साधा क्रम धरला. दुकानांतील मुख्य चाळीस जिनसा निवडून त्यांची रोजची विक्री तो रात्रीं दुकान बंद करण्यापूर्वीं एका तक्त्यांत भरतो, आणि शेजारच्या रकान्यांत कालनिर्णय पाहून तिथि, सण व उपवास लिहितो. पाऊस फार झाला किंवा लोकल गाड्या बंद पडल्या, तर तेंही टिपतो. महिनाअखेर तो तक्ता यंत्रास दाखवून विचारतो कीं, संकष्टीच्या आधीं किती दिवस मागणी चढते, कोणता माल पडून राहतो, कोणती वस्तु कोणत्या वस्तूबरोबर जाते. उत्तर आलें म्हणजे तें तसेंच न स्वीकारतां आपल्या वडिलांस वाचून दाखवितो, वृद्ध गृहस्थ कधीं मान डोलावतात, कधीं म्हणतात, "त्या आठवड्यांत समोरच्या इमारतींत लग्न होतें, तें धरूं नकोस." बापाचें अर्धें ज्ञान जें एरव्हीं गादीवरून उठून गेलें असतें, तें या निमित्तानें लेखी उतरत आहे. या उद्योगाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला लाभ हाच.

माल काय ठेवावा हें कळलें. आतां तो आहे हें लोकांस कळवावयाचें. उपनगरांत नवें बिऱ्हाड करणारें जोडपें आज शेजाऱ्यास विचारण्यापूर्वीं मोबाईलच्या नकाशास विचारतें. त्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद करण्यास गूगल पैसे घेत नाहीं. कोणतें दुकान वर दाखवावयाचें हें मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतें, असें ती कंपनीच सांगते: विचारलेल्या शब्दांशीं दुकानाचा मेळ, विचारणाऱ्यापासूनचें अंतर, आणि दुकानाची ख्याति. अंतर दुकानदाराच्या हातचें नाहीं. बाकीचीं दोन आहेत. दुकानाच्या नोंदींत केवळ 'जनरल स्टोअर्स' लिहून थांबूं नये. भाजणी, मेतकूट, उपवासाचें पीठ, घरगुती लोणचीं असे जे जिन्नस खरोखर मिळतात ते लिहावेत, खऱ्या वेळा लिहाव्यात, दुपारीं दुकान बंद असतें तर तेंही लिहावें. सप्टेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मुंबईंतील दुकानदारांस मराठी पाट्या लावण्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हां रस्त्यावरच्या पाट्यांविषयीं पुष्कळ चर्चा झाली. परंतु नकाशावरची दुसरी पाटी अद्यापि पुष्कळांची इंग्रजींतच आहे. लोकांनीं कोणते शब्द शोधले असतां आपलें दुकान दिसलें, याची यादी त्याच नोंदींत दुकानदारास पाहावयास मिळते. ही यादी म्हणजे गिऱ्हाइकांच्या मनांतील प्रश्नपत्रिकाच होय, आणि ती फुकट मिळते.

पैसे देऊन जाहिरात करावयाची असेल तर आणखी एक सावधगिरी बाळगावी. जाहिरातीचें क्षेत्र ठरवितांना यंत्र दुकानाभोंवतीं वर्तुळ काढण्यास सुचवितें. आमच्या उपनगरांस वर्तुळ मानवत नाहीं. त्यांस रेल्वेनें मधोमध चिरलें आहे. घाटकोपरच्या पूर्वेकडील दुकानापासून पश्चिमेचें घर नकाशावर हाकेच्या अंतरावर असतें, परंतु दोन पिशव्या घेऊन पूल चढून कोण येतो? मुलुंड पश्चिमेचा पिन क्रमांक ४०००८०, पूर्वेचा ४०००८१. घाटकोपर पश्चिमेचा ४०००८६, पूर्वेचा ४०००७७. वर्तुळ सोडून आपल्या बाजूचा पिन क्रमांक निवडला, तर पलीकडच्या बाजूस व्यर्थ जाणारा पैसा वांचतो. ही गोष्ट कोणत्याही परदेशस्थ यंत्रास सुचणार नाहीं; पूल चढणाऱ्या माणसासच सुचेल.

जाहिरातीचा मजकूर हा पुढील विषय. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी प्रसिद्ध झाल्यापासून दोन ओळींचा संदेश लिहवून घेणें क्षणाचें काम झालें आहे. माझ्या त्या विद्यार्थ्यानें दिवाळीच्या फराळाचा संदेश यंत्राकडून लिहविला, तेव्हां त्यांत 'मुंबईंतील सर्वांत स्वस्त' आणि 'शंभर टक्के शुद्ध' अशीं दोन विशेषणें न सांगतां आलीं, आणि भाषा अशी कीं जणूं हिंदी वाक्यास मराठी प्रत्यय लावले आहेत. त्यानें तीं विशेषणें काढलीं, चकलीची भाजणी कोणत्या दिवशीं दळून येणार तें घातलें, आणि संदेश पाठविला. हेंच योग्य. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणें दिशाभूल करणारी जाहिरात हा अपराध आहे. तो यंत्रानें लिहिली ही सबब तेथें चालणार नाहीं. पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहवून घेणें हाही तसाच प्रकार. नोव्हेंबर २०२२ मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें अशा अभिप्रायांसाठीं आयएस १९००० हें मानक प्रसिद्ध केलें, यावरून हा रोग किती पसरला होता तें दिसतें. दहा खोट्या अभिप्रायांनीं आलेलें गिऱ्हाईक एका खवट शेंगदाण्यानें परत जातें, आणि जातांना खरा अभिप्राय लिहून जातें.

आतां ज्या गोष्टीमुळें हा सर्व विचार मला करावासा वाटला ती सांगतों. वाण्यास आपल्या घराविषयीं जें ठाऊक असतें तें लहानसहान नसतें. कोणाच्या घरीं साखर बंद होऊन नाचणी सुरू झाली, कोणाच्या यादींतून एकाएकीं तुपाचा डबा गळला, कोणत्या विधवा बाईंची उधारी तीन महिने थकली आहे, हें तो जाणतो व बोलत नाहीं. या न बोलण्यावरच त्याची पत उभी आहे. उद्यां त्यानें नांवें व मोबाईल क्रमांकांसह ती वही एखाद्या फुकट मिळणाऱ्या यंत्रांत ओतली, तर ती कोठें साठविली जाते आणि कोण वाचतो यावर त्याचा ताबा राहत नाहीं. मधुमेह्याच्या घरीं दुसऱ्या दिवसापासून औषधांच्या जाहिराती येऊं लागल्या, तर त्या कुटुंबानें कोणावर विश्वास ठेवावा? ऑगस्ट २०२३ मध्यें संमत झालेला वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा माहितीच्या वापरासाठीं संमति मागावी असें सांगतो. परंतु कायद्याची वाट न पाहतां दुकानदारानें स्वतःसाठीं तीन नियम घालून घ्यावेत. यंत्रास द्यावयाच्या तक्त्यांत नांव व क्रमांक कधींही लिहूं नये. जिन्नस, वजन व दिवस एवढेंच पुरे. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवावयाचा तो विचारून, आणि नको म्हणणाऱ्याचें नांव त्याच दिवशीं यादींतून काढावें. आणि उधारीची वही यंत्रापुढें मुळींच उघडूं नये.

एवढें केल्यानें लहान दुकानदार मोठ्यांस जिंकील असें मी म्हणत नाहीं. ठोक खरेदीच्या भावांत तो डी-मार्टशीं टिकणार नाहीं, आणि दहा मिनिटांत माल पोंचविणाऱ्यांपुढें धांवूं गेल्यास दमून जाईल. त्यानें आपलें क्षेत्र ओळखावें: पडून राहणारा माल कमी करणें, ज्या दिवशीं जें लागतें तें त्या दिवशीं असणें, आणि तें आहे हें आपल्या चार गल्ल्यांस ठाऊक असणें. यंत्र त्यास या तिहींत साहाय्य करील. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि घरपोंच माल देणाऱ्या कंपन्यांच्या मागण्या तुंबल्या, तेव्हां पुष्कळ इमारतींच्या दाराशीं पीठ-तांदूळ कोणीं आणून दिला तें वाचक विसरले नसतील. तें दुकान उरावें कीं नाहीं हा प्रश्न केवळ त्या दुकानदाराचा नाहीं.

म्हणून घरच्या मंडळींसही माझी विनंति आहे. महिन्याची यादी दोन दिवस आधीं पाठवावी; सणाला काय अधिक लागेल तें आठवड्यापूर्वीं सांगावें; मागणी आगाऊ कळली कीं लहान दुकानासही माल वेतानें आणतां येतो. माल चांगला मिळाला तर नकाशावर दोन खऱ्या ओळी लिहाव्यात. वाईट मिळाला तर आधीं दुकानांत जाऊन सांगावें. आणि घरांत संगणक शिकलेला नातू किंवा नात असेल, तर तिला एका रविवारीं तासभर वाण्याच्या गादीजवळ बसवावें. तिनें त्यास तक्ता करावयास शिकवावें. त्यानें तिला गुळाची परीक्षा शिकवावी. कौटिल्यानें त्याच पण्याध्यक्षाच्या प्रकरणांत प्रजेस जाचक होणारा लाभ मोठा असला तरी तो टाळावा असें सांगितलें आहे. गिऱ्हाइकाची प्रियाप्रियता जाणून घेणाऱ्या प्रत्येकानें, मग तो कोट्यधीश असो वा कोपऱ्यावरचा वाणी असो, आपल्या वहीच्या पहिल्या पानावर हा उपदेश आपल्या शब्दांत लिहून ठेवावा.